भिवराईची लोकर

सावरखोल हे गाव घाटाच्या अगदी ओठावर वसलेलं. खालून वारा चढतो तो थेट घरात शिरतो, आणि पौषात तर अंगणातला कुत्राही चुलीपाशी येऊन बसतो. त्या गावात नवं मूल जन्मलं की एक प्रश्न विचारतात. तो प्रश्न का विचारतात, त्याची ही हकीकत.

फार मागची. तेव्हा घाटाखालच्या बंदरात शिडाची गलबतं लागत, आणि बंदरातून वर यायचं तर बैलांच्या तांड्याबरोबर तीन दिवस चालावं लागे. त्या काळी सावरखोलात भिवरा नावाची बाई होती. नवरा तुळाजी, दोन लेकी, दोघी चांगल्या घरी नांदत होत्या. भिवराच्या हाताला गुण होता. गाय अडली, शेळी अडली, कोंबडी अंड्यावरून उठली, की गाव म्हणे, भिवराला बोलवा. ती यायची, बाह्या सारायची, आणि काम करून जायची. कुणी वाखाणलं तर मान हलवायची. कुणी वाखाणलं नाही, तर मात्र चार दिवस तिला जेवण गोड लागायचं नाही.

एका वर्षी तांड्याबरोबर एक परदेशी व्यापारी वर आला. दाढी मेंदीनं रंगवलेली, बोली कुणाला कळेना, आणि अंगात तापाचा भडका. तो भिवराच्या गोठ्यात पडून राहिला. तिनं त्याला गुळवेलीचा काढा पाजला, पेज भरवली. नवव्या दिवशी तो उठला. जाताना त्यानं तिच्या पायाशी वेताची एक टोपली ठेवली. टोपलीत तीन ससे होते, एक नर आणि दोन माद्या. कापसासारखे पांढरे, डोळे गुंजेसारखे लाल. रानातला करडा ससा गावानं पाहिला होता, पण असा ससा कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. सगळं गाव अंगणात लोटलं. असं म्हणतात की त्या दिवशी गावात कुणाचीच चूल वेळेवर पेटली नाही.

ससे भिवराला मानवले. महिना भरला की मादी आपल्याच छातीची लोकर उपटायची, गवतावर अंथरायची, आणि त्यात व्यायची. पिलं कशी, तर बोटाएवढी, लालभडक, अंगावर केस नाही, डोळे मिटलेले. आई दिवसातून एकदाच, पहाटे, घटकाभर पाजायची आणि दूर जाऊन बसायची. बाकी दिवसभर त्या लोकरीची ऊब हीच त्यांची आई. भिवरा हे सगळं बघून बघून शिकली. आठ पिलांतली पाच जगायची, कधी चार. ती म्हणायची, "जगायचं ते जगतंय. बाकीचं देवाचं." तेवढ्यावरही गाव खूश होतं. सशांच्या लेंड्यांनी परसातली वांगी तरारायची आणि गळलेल्या लोकरीच्या कानटोप्या पोरांच्या डोक्यावर चढायच्या. घरोघरी जोडी गेली. आणि प्रत्येक घर म्हणे, ही भिवराची जोडी.

असं दहा वर्षं चाललं. मग धाकट्या दिराचं, रायाजीचं लग्न झालं आणि गोजरा घरात आली.

गोजरा बुटकी, सावळी, बोलायला मऊ. सासरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आक्का, मला पन एक जोडी द्याल का सांभाळायला?" भिवरानं हसून दिली. द्यायला तिला फार आवडायचं. दिलेलं माणसं लक्षात ठेवतात.

पहिल्या वेताला गोजराच्या मादीला आठ पिलं झाली. आठही जगली. भिवरा म्हणाली, "नशीब." दुसऱ्या वेताला नऊ, नऊच्या नऊ जगली. भिवरानं पिलं पुन्हा मोजली. तिसऱ्या वेताला दहा झाली, तेव्हा पाटलाची बायको अंगणात आली आणि भिवराच्या समोरून, भिवराच्या डोळ्यांदेखत, चालत गेली. म्हणाली, "गोजरे, आमची मादी पिलं तुडवाया लागलीया. जरा येतीस?"

त्या वेळी भिवरा सुपात नाचणी पाखडत होती. तिनं पाखडणं थांबवलं नाही. पण कोंडा कुठला आणि दाणा कुठला हे तिला दिसेना, आणि संध्याकाळच्या भाकरीत खडे लागले.

तिथून सुरू झालं. मत्सर काही एका दिवशी येत नाही, बाबांनो, तो दुधात विरजण पडावं तसा पडतो. वरून दूध तेच दिसतं. भिवरा गोजराशी गोडच बोलायची. पण गोजराच्या पायातली जोडवी वाजली की तिच्या कपाळाची शीर उडायची. गोजरा बोळातून निघाली की ही मोजायची, आज कुणाच्या घरी, किती वेळ. परत आली की विचारायची, "किती गेली?" गोजरा म्हणायची, "एक बी न्हाई गेलं, आक्का." आणि भिवरा म्हणायची, "बरं झालं बाई." ते 'बरं झालं' तिच्या घशातून काट्यासारखं बाहेर यायचं.

भिवरानं मग गोजराचं गुपित शोधायचं ठरवलं. चोरून बघायला लागली. गोजरा पिलांना हात लावण्याआधी त्याच मादीच्या अंथरुणातलं गवत तळहातांना चोळायची, म्हणजे आईला परका वास येऊ नये. रोज सकाळी एकेक पिलू उचलून पोट बघायची. टरटरीत असेल तर पोटभर दूध झालं, सुरकुतलेलं असेल तर उपाशी. गार पडलेलं पिलू चोळीत घालायची आणि तशीच भाकऱ्या थापायची. एवढंच. यात जादू नव्हती, मंत्र नव्हता. ते बघून भिवराला अधिकच राग आला. मंत्र असता तर तिनं म्हटलं असतं, मला तो कुणी दिला नाही. पण हे तर तिलाही सुचण्यासारखं होतं, आणि दहा वर्षांत सुचलं नव्हतं.

एके दिवशी उजाडता उजाडता भिवरा उठून आपल्या खुराड्यापाशी गेली. बघते तर गोजरा तिथं उकिडवी बसलेली, आणि तिच्या ओच्यात तीन पिलं.

"काय करतीस माझ्या खुराड्यात?"

गोजरा दचकली. "काही न्हाई आक्का. तुमच्या कवडीला बारा झाली. समद्यांना पुरंना. ही तीन उपाशी पडत हुती, म्हनून माझ्या मोगरीच्या पिलांत घातली चार दिस. आता धरलंय बाळसं. परत ठेवत हुते."

हल्ली भिवराची पिलंही जास्त जगत होती. तिला वाटायचं, आपला हात परत बसला.

"किती दिस करतीस हे?"

गोजरा खाली बघत म्हणाली, "आले तवापासनं."

मारलं असतं तर भिवरानं सोसलं असतं. शिवी दिली असती तर चार शिव्या परत दिल्या असत्या. पण हा उपकार तिला सोसवेना. तिचं म्हणून जे काही उरलं होतं, तेही दुसरीनं गुपचूप तिच्या पदरात टाकलेलं होतं. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि घरात जाऊन पाण्याचा भरलेला हंडा दोनदा भरला.

पुढं गोजराला दिवस गेले. आता सगळं कौतुक तिचंच. रायाजी रानातून चिंचा आणायचा, बायका पोटाला हात लावून जायच्या. सातवा महिना लागला तेव्हा पौष होता आणि वारा असा की भिंतीआडही अंग कापायचं. त्याच आठवड्यात गोजराच्या तीन माद्या एकाच दिवशी व्याल्या. मोगरीला अकरा, बाकी दोघींना आठ आणि सात, मिळून सव्वीस पिलं. गावानं एवढी पिलं एका अंगणात कधी पाहिली नव्हती. बायका रांगेनं बघायला आल्या. एक म्हातारी म्हणाली, "भिवरानं ससं आनलं, पन नांदवलं ते गोजरानंच गं." म्हातारी सहज म्हणाली. भिवरा दाराआड उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरा ओढ्यावर धुणं घेऊन गेली. घरात कुणी नव्हतं. भिवरा अंगणात आली. असं म्हणतात की तिन्ही माद्यांनी मागचे पाय जमिनीवर आपटले, धप् धप् धप्, ससे धोका ओळखला की आपटतात तसे, आणि तो आवाज ओढ्यापर्यंत गेला. पण गोजराला वाटलं, तिच्याच धुण्याचा आवाज आहे.

भिवरानं एकाही पिलाला इजा केली नाही. तिनं फक्त लोकर काढली. तिन्ही खुराड्यांतली, मूठ मूठ करून, पदरात घेतली आणि आत कणगीमागं कोंबली. मनात म्हणत होती, एकदा. फक्त एकदा हिची मरू देत. एकदा हिला पण म्हणू दे, बाकीचं देवाचं.

मग ती चुलीपुढं बसली आणि तांदूळ निवडायला लागली.

उन्हं उतरताना गोजरा परतली. धुण्याची पाटी तिथंच पडली. पिलं गारगोट्यांसारखी गार झाली होती. तिनं हंबरडा फोडला नाही. तिनं चोळीत पिलं घातली, ओच्यात घातली, मांड्यांमध्ये धरली, आणि या खुराड्यातून त्या खुराड्याकडे पळत राहिली, एवढं मोठं पोट घेऊन, वाकत, उठत, वाकत. सव्वीसांतली नऊ हलली. दहावं हातात घेतलं आणि ती मटकन खाली बसली. कळा सुरू झाल्या होत्या.

दिवेलागणीला बायजा सुईण आली. मूल झालं. मुलगी. सात महिन्यांची, ओंजळीत मावेल एवढी, तांबडीलाल, रडू नाही की आवाज नाही. बायजानं तिला सुपात ठेवलं, वर फडकं टाकलं आणि ती बाळंतिणीकडं वळली, कारण गोजराचं रक्त थांबत नव्हतं. वळता वळता रायाजीला म्हणाली, "ते जगायचं न्हाई रे. तू खोरं काढ."

भिवरा कोपऱ्यात उभी होती. सुपातलं फडकं एवढंसं हललं. तिनं जवळ जाऊन ते उचललं. ते अंग, तो रंग, ती मिटलेली पापणी, इवल्या पंजाची ती उघडझाप. हे तिनं हजारदा पाहिलं होतं. दहा वर्षं ती अशा जिवांकडं बघून म्हणत आली होती, बाकीचं देवाचं. आज तिच्या तोंडून ते येईना. ती कणगीकडं धावली. मागं हात घातला आणि सगळ्यांच्या देखत ती पांढरी लोकर ओढून काढली, एक मूठ, दुसरी, तिसरी.

रायाजीच्या हातात खोरं होतं. त्यानं लोकरीकडं बघितलं, मग भिवराकडं. "वैनी," तो म्हणाला, "ही लोकर कुठनं आली?"

भिवरानं चोळीची गाठ सोडली, पोर उघड्या छातीशी धरली, भोवती लोकर भरली आणि वरून लुगड्याचा पदर आवळून बांधला. मग एवढंच म्हणाली, "मारायचं असंल तर चाळीस दिसांनी मार. आता दार लाव. वारा येतोय."

रायाजीनं खोरं खाली ठेवलं आणि दार लावलं.

गोजरा वाचली, पण तापानं अंथरुणाला खिळली. तिचं दूध वाटीत काढायचं आणि भिवरानं ते कापसाच्या बोळ्यानं, थेंब थेंब, पोरीच्या ओठांवर सोडायचं. भिवरा आडवी झाली नाही. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा तेवढाच. दर सकाळी पोरीचं पोट बघायची, टरटरीत आहे की सुरकुतलंय. तळहातांना आधी गोजराचं लुगडं चोळायची, म्हणजे पोरीला आईचा वास यावा. हे सगळं ती कुणाकडून शिकली होती ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि आजही ते आठवलं की तिला झोंबायचं.

लोकर मळायची, ओली व्हायची, कमी पडायची. आणि इथं ती गोष्ट घडली जी सावरखोल अजून सांगतं. पाचव्या दिवशी मोगरी मादी उघड्या खुराड्यातून निघाली, उंबरा ओलांडून आत आली, भिवराच्या पायाशी बसली आणि तिनं आपल्या छातीची लोकर उपटायला सुरुवात केली. तिच्यामागून कवडी आली. मग पाटलाच्या घरची, मग खालच्या आळीची. एकही गाभण नव्हती. असं म्हणतात की तीन दिवसांत गावातल्या बावन्न माद्या त्या घरात येऊन गेल्या आणि गुडघाभर लोकर साठली. कुणी म्हणतं बावन्न नव्हत्या, बाराच होत्या. पण आल्या होत्या, यावर दुमत नाही.

विसाव्या दिवशी पोर रडली. मांजराच्या पिलाएवढा आवाज. गोजरा अंथरुणातून म्हणाली, "आक्का, द्या मला. माझा ताप उतरलाय."

"अजून न्हाई. गार पडंल."

पंचविसाव्या दिवशी गोजरा उठून बसली. "आक्का, आता द्या."

"अजून न्हाई."

आता जळायची पाळी गोजराची होती. जिनं आपली पिलं मारली तिच्या छातीशी आपलं मूल चिकटलेलं तिला दिवसरात्र दिसायचं. आपलं दूध, आणि पोर दुसरीच्या हृदयाच्या ठोक्यावर झोपते. गोजराच्या डोळ्यांत भिवराला ते दिसलं, आणि ते तिनं लगेच ओळखलं, कारण दोन वर्षं ते तिच्या स्वतःच्या डोळ्यांत होतं. पाणी भरताना हंड्यात दिसायचं तिला. पण ओळखूनही तिनं पोर दिली नाही. खरोखर गार पडेल म्हणून दिली नाही, की सोडवेना म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चाळिसाव्या दिवशी सकाळी तिनं पदराची गाठ सोडली. पोर अजून गुटगुटीत नव्हती, पण तिला भुवया आल्या होत्या, आणि ती टक लावून बघत होती. भिवरा गोजरापुढं बसली.

"लोकर मी काढली हुती," ती म्हणाली.

"ठावं हाय. कणगीमागनं काढलीत तवाच कळलं."

"मग पोर माझ्यापाशी कशी ठिवलीस? एका शब्दानं बी अडवलं न्हाईस."

गोजराच्या मनातही राग होता, तो काही पाण्याबरोबर वाहून गेला नव्हता. पण ती म्हणाली, "दुसऱ्या कुनाला येत हुतं आक्का, तुमच्याबगर?"

हे वाक्य ऐकायला भिवरा दोन वर्षं तहानली होती. पाटलिणीकडून, म्हातारीकडून, गावातल्या कुणाकडूनही ते तिला हवं होतं. ते आलं गोजराकडून, आणि ज्या दिवशी ते घ्यायचा तिला हक्क नव्हता त्या दिवशी आलं. भिवरानं पोर तिच्या मांडीवर ठेवली आणि ती ओक्साबोक्शी रडली. रायाजी दारात उभा होता. चाळीस दिवस झाले होते. तो मुकाट्यानं बैल सोडून शेताकडं गेला.

पोरीचं नाव ठेवलं सावरी. ती एवढी जगली की पणतवंडांची लग्नं तिनं पाहिली, असं म्हणतात. भिवरा आणि गोजरा पुढं एकाच अंगणात राहिल्या. भिवराचा मत्सर गेला का? छे. सावरी पडली की 'आई' म्हणून गोजराकडं धावायची आणि भिवरा तेवढ्यापुरती तोंड फिरवायची. भांडणंही झाली, भांडी आपटली गेली. पण कुठल्याही गावात दिवस न भरता मूल जन्मलं, की दोघी लोकरीचं गाठोडं घेऊन निघायच्या, थोरली पुढं, धाकटी मागं. सात गावांत त्यांनी किती जीव जगवले याचा हिशेब कुणापाशी नाही.

गोजरा आधी गेली. त्यानंतरच्या पौषात भिवरा एका पहाटे घराबाहेर पडली आणि वरच्या सड्याकडं, कातळाच्या उघड्या माळाकडं, चालू लागली. गावातले सगळे ससे तिच्यामागून गेले. लोक शोधायला गेले तेव्हा वर कातळावर पांढऱ्या लोकरीचा उबदार ढीग होता आणि भोवती ससे डोळे मिटून बसले होते. भिवरा नव्हती. असं म्हणतात की तो ढीग उन्हाळा लागेपर्यंत गार पडला नाही. तेव्हापासून ती भिवराई झाली.

आजही सावरखोलात घरटी एक तरी पांढरी मादी असते, आणि पौषात तिच्या खुराड्याला हात लावायचा तर आधी तिच्या गवतानं तळहात चोळतात. दुसरीकडं नव्या मुलाला वाईट नजरेपासून लपवतात, तीट लावतात, मीठमिरच्या ओवाळतात. सावरखोलात तसं नाही. तिथं पाचवीच्या दिवशी बायका जमतात आणि बाळंतिणीला एकच प्रश्न विचारतात, "भिवराई कोण?" म्हणजे असं, की गावात तुझ्यावर सगळ्यांत जास्त कोण जळतं, तिचं नाव घे. ते नाव घ्यावंच लागतं. जिचं नाव येईल तिनं रागवायचं नसतं आणि नाही म्हणायचं नसतं. तिच्या ओटीत मूठभर लोकर घालतात, त्यावर मूल ठेवतात, आणि ती सर्वांसमोर बोलते, "माझ्यापाशी हे गार पडणार नाही." पुढचे चाळीस दिवस मुलाची ऊब ती बघते.

म्हणतात की असं ठेवलेलं मूल सावरखोलात कधी दगावलं नाही. आणि गेल्या वर्षी खालच्या आळीत मुलगा झाला, तेव्हा बाळंतीण नाव घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीन बायका आपण होऊन उठल्या, आणि ओटी कुणी पसरायची यावरून त्यांचं जोराचं भांडण झालं.